दान नको, खरेदीचा हिशेब द्या

ऊसतोड कामगारांसाठी ग्राहक, कारखान्यांचे सभासद, गुंतवणूकदार आणि कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी माणसांना तातडीचे आवाहन



महाराष्ट्रातील ऊसतोडणीच्या मजुरीच्या कराराची मुदत २०२५-२६ च्या गळीत हंगामापर्यंतच ठरली होती. जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या आंदोलनानंतर शरद पवार-पंकजा मुंडे लवादाने ३४ टक्के वाढ मान्य केली आणि टनामागचा दर २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. पुढच्या करारासाठी बैठका होतील, तेव्हा एका बाजूला साखर संघाचे प्रतिनिधी असतील आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या व मुकादमांच्या, म्हणजे मजुरांच्या टोळ्या आणणाऱ्यांच्या, संघटना. या कामगारांनी तोडलेल्या उसाची साखर पोत्यांनी विकत घेणाऱ्या शीतपेयांच्या, बिस्किटांच्या, चॉकलेटच्या बहुराष्ट्रीय कंपन्या मात्र त्या बैठकीच्या आसपासही नसतील. हा त्यांचा विषयच नाही, असे आजवर सगळ्यांनी धरून चालले आहे.

या वेळी त्यांना त्या हिशेबात आणायचे आहे. हे काम सरकारी परिपत्रकाने होणार नाही, एकट्या कामगार संघटनेनेही होणार नाही. त्यासाठी तुमची गरज आहे, आणि ती आत्ता आहे, कारण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटली गेली आणि टोळ्या निघाल्या की पुढचे सहा महिने कुणालाच काही बदलता येत नाही.

फडावर काय चालते

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यात त्या दिवसांत गावांना कुलपे लागतात. म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली थोडीफार मुले एवढेच उरतात. वंजारी, बंजारा, दलित, भटक्या-विमुक्त कुटुंबांतली ही लाखो माणसे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडे आणि कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे जातात.

निघण्याच्या काही महिने आधी मुकादमाने उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर दिली जाते, म्हणजे प्रत्यक्षात नवऱ्याच्या हातात. बाईचे नाव कुठल्याही वहीत नसते. पुढचे पाच-सहा महिने दोघांनी ती उचल अंगमेहनतीने फेडायची. हंगाम संपेपर्यंत फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते. उचलीच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाण्याची मोकळीकच राहिली नाही, तर ते १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तरीही या व्यवहाराला आपण सर्रास ‘हंगामी रोजगार’ म्हणतो.

पहाटे तीन-चारला दिवस सुरू होतो. दोघांनी मिळून दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या. डोकी सेंटरवर काम असेल तर त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. गाडी रात्री येवो की पहाटे, आल्याबरोबर भरून द्यावी लागते. राहायला कोपी, म्हणजे खोपटे, तिच्यावर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पिण्याचे पाणी मिळेल तिथून आणायचे. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचा दंड अंगावरच्या रकमेत मिळवला जातो. पाळी असो, ताप असो, सातवा महिना असो, खाडा तो खाडाच.

या खाड्याची भीती बाईच्या गर्भाशयापर्यंत पोचली. २०१९ मध्ये बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. यातील कोणत्याही शस्त्रक्रियेमागे कुणी बंदूक रोखून उभा नव्हता. पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती दाखवली गेली. तिनेही विचार केला की एकदाचे काढून टाकले तर पाळी नाही, खाडा नाही. ज्या व्यवस्थेत तिशीतल्या बाईला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो, ती व्यवस्थाच गुन्हेगार आहे.

काम जोडीला मिळते, म्हणून मुलामुलींची लग्ने लवकर लागतात. वयात येणारी मुलगी एकटी गावी ठेवायची कुणाच्या भरवशावर, हाही आईबापांचा घोर असतो. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या शंभरातील चाळीसहून अधिक तरुणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. त्यांची मुलेही पुढे त्याच फडात येतात.

ही साखर जाते कुठे

यातले बरेच आपल्याला ठाऊक आहे. मराठीत यावर बातम्या आल्या, अहवाल आले, विधिमंडळात चर्चा झाल्या. ज्याकडे आपण पुरेसे पाहिले नाही, ते साखळीचे दुसरे टोक.

मार्च २०२४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘द फुलर प्रोजेक्ट’ यांनी महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यावर सविस्तर शोधवृत्त प्रसिद्ध केले. इथल्या कारखान्यांकडून कोका-कोला आणि पेप्सी यांच्यासाठी साखर घेतली जाते, हे त्यात मांडले होते. कोका-कोलाच्या सल्लागारांना २०१९ मध्येच फडात मुले ऊस तोडताना आणि मजूर अंगावरचे पैसे फेडताना आढळले होते व तसा अहवाल कंपनीकडे होता, असेही त्यात म्हटले होते. म्हणजे गोऱ्हे समिती ज्या वर्षी बीडच्या बायकांचे म्हणणे ऐकत होती, त्याच वर्षी या टोकाची माहिती त्या टोकाला पोचलेली होती. तरीही खरेदी पूर्वीसारखीच चालू राहिली.

हे शक्य होते, कारण साखळीतला प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवू शकतो. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, आमचा तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी आहे. वाहनमालक म्हणतो, मजूर मुकादमाने आणले. मुकादम म्हणतो, मी तर स्वतः कर्ज काढून उचल वाटली. साखर घेऊन पेय बाटलीत भरणारा उद्योग म्हणतो, आम्ही कारखान्याकडून घेतो, फडाशी आमचा काय संबंध? आणि ज्या कंपनीचे नाव बाटलीवर असते ती म्हणते, बाटली भरणारे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. सगळ्यांचे कागद बरोबर असतात. मालक मात्र कुणीच नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, ती नेमकी या पळवाटेवर आहेत. आपल्या कारखान्यात काय होते एवढ्यापुरती कंपनीची जबाबदारी संपत नाही. ज्या पुरवठ्याशी तिचे व्यावसायिक नाते आहे तिथे माणसांना इजा होत असेल, तर ती शोधणे आणि ती रोखण्याचा किंवा कमी करण्याचा प्रयत्न करणे हेही तिचे काम आहे; त्या इजेला तिचा हातभार लागला असेल, तर नुकसान भरून देण्याची व्यवस्था करणेही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्या धोरणपत्रांत या तत्त्वांचा आदराने उल्लेख करतात. आपण त्यांच्याकडे नवे काही मागत नाही. त्यांनी स्वतः लिहून दिलेले पाळायला सांगतो आहोत.

दोन टक्क्यांचा पडदा

आपल्याकडे ‘सीएसआर’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती शाळेला दिलेली बाके, गावात बसवलेला पाण्याचा फिल्टर, आरोग्य शिबिराचे फलक. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने हे चित्र पक्के केले. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. त्यातून चांगली कामे झाली आहेत आणि ती करणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे.

पण या कायद्याचे नियम असेही सांगतात की कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे साखर घेणाऱ्या कंपनीने ऊसपट्ट्यात वाचनालय बांधले तर ती सामाजिक जबाबदारी ठरते. तिने साखर घेताना तोडणीची मजुरी नीट मिळते का हे पाहिले, त्यासाठी जादा भाव मोजला, तर तो नुसता व्यवसाय ठरतो आणि सीएसआरच्या हिशेबात त्याला जागा नसते. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी रास्त असेल. आपल्या मनात मात्र तिने मोठा घोटाळा केला आहे. नफा मिळाल्यानंतरच्या दोन टक्क्यांवर आपण टाळ्या वाजवतो आणि तो नफा कसा मिळाला हे विचारायचे राहून जाते.

ज्या बाईच्या कोपीला संडास नाही, तिला वर्षातून एका शिबिरात लोहाच्या गोळ्या देणे ही मदत झाली. तिला दिवसाचे रास्त दाम, हक्काची रजा आणि स्वतःच्या खात्यात मजुरी मिळणे ही जबाबदारी झाली. पहिली कंपनीच्या मर्जीवर असते आणि कधीही बंद होऊ शकते. दुसरी करारात लिहावी लागते.

कायद्याचा रेटाही सध्या सैल पडतो आहे. सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांसाठी जबाबदार व्यवसायाचा अहवाल सक्तीचा केला आणि त्यात पुरवठादारांची माहितीही यावी असे ठरवले होते; २०२५ मध्ये पुरवठा साखळीपुरती ती माहिती ऐच्छिक करण्यात आली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची काळजी घेणे मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक करणारा निर्देश मंजूर केला. वर्षभरातच त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि त्याची व्याप्ती आवळण्याची प्रक्रिया सुरू झाली. सरकारे मागे सरकत असताना लोकांनीही गप्प बसायचे ठरवले, तर हा प्रश्न आणखी एक पिढी तसाच राहील.

प्रमाणपत्रावर विसंबू नका

कंपन्यांना विचारले की त्या तपासणीचे दाखले पुढे करतात. उसासाठीही ‘बोनसुक्रो’सारखी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे आहेत. तपासणी वाईट नसते, पण ती कोण करतो, कुणाच्या पैशाने करतो आणि बोलणारा किती मोकळा आहे, यावर सगळे अवलंबून असते. मुकादम शेजारी उभा असताना, अंगावर उचल असताना, ‘त्रास आहे का’ या प्रश्नाला बाई काय उत्तर देणार?

कपड्यांच्या धंद्याने याची किंमत मोजली आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागली आणि २५० हून अधिक कामगार मेले. त्याच्या काही आठवडे आधी त्या कारखान्याला कामगार हक्कांच्या नामांकित मानकाचे प्रमाणपत्र मिळालेले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून १,१३४ जण ठार झाले. तिथल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी त्याआधी झालेली होती. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले.

त्यानंतर बांगलादेशात जे झाले ते आपण नीट पाहायला हवे. कामगार संघटना आणि शेकडो ब्रँड यांच्यात कायदेशीर बंधनकारक करार झाला. इमारतींची स्वतंत्र तपासणी, दुरुस्तीसाठी ब्रँडचा वाटा आणि निष्कर्ष सर्वांसाठी जाहीर, असे त्याचे स्वरूप होते. दीड हजारांहून अधिक कारखाने त्याखाली तपासले गेले. ऐच्छिक आश्वासनांनी अनेक वर्षांत जे साधले नव्हते, ते सहीच्या कागदाने झाले. पण त्यासाठी हजारावर माणसे ढिगाऱ्याखाली जावी लागली. ऊसपट्ट्यात इमारत कोसळणार नाही. इथे माणूस हळूहळू झिजतो, म्हणून बातमी होत नाही आणि म्हणूनच आपल्यालाच आवाज उठवावा लागणार आहे.

नऊ पैशांचा प्रश्न

‘हे सगळे ठीक आहे, पण परवडणार कसे?’ असे विचारले जाते. चला, हिशेब मांडू.

एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. टनाला ३६६ रुपये तोडणी म्हणजे किलोभर साखरेमागे जोडप्याला मिळतात साडेतीन रुपयांच्या थोडे वर. अडीचशे मिलीच्या गोड शीतपेयात साधारण पंचवीस ग्रॅम साखर असते. म्हणजे वीस रुपयांच्या बाटलीत ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोचा मिळून वाटा सुमारे नऊ पैसे. ही मजुरी दुप्पट केली, तरी बाटलीमागे आणखी नऊ पैसे लागतील. जी कंपनी जाहिरातीत क्रिकेटपटू आणि सिनेनट उभे करते, तिला नऊ पैसे जड होतील असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांनी ‘कोअॅलिशन ऑफ इमोकली वर्कर्स’ ही संघटना उभारली. २००१ मध्ये त्यांनी टॅको बेल या उपाहारगृहांच्या साखळीविरुद्ध मोहीम सुरू केली. त्यांची मागणी होती पौंडामागे एक सेंट जास्त आणि शेतावर माणसासारखी वागणूक. चार वर्षे विद्यार्थी, चर्चमधली मंडळी आणि सामान्य ग्राहक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २००५ मध्ये कंपनीने सही केली. मग मॅकडोनाल्ड्स आली, २०१४ मध्ये वॉलमार्टही आली. आज ‘फेअर फूड प्रोग्रॅम’ म्हणून ही व्यवस्था चालते. तो जादा सेंट मजुराच्या पगारात वेगळा दिसतो, शेतावर पाणी आणि सावली असते, तक्रारीसाठी फोन असतो आणि तक्रार केली म्हणून कुणाला काढता येत नाही. जो बागायतदार सक्तीची मजुरी किंवा लैंगिक अत्याचार खपवून घेतो, त्याचा माल या कंपन्या घेत नाहीत. या शेवटच्या अटीमुळेच बाकीच्या अटी पाळल्या जातात.

आपल्या देशातही एक उदाहरण आहे. तमिळनाडूतील दिंडिगुल येथे २०२२ मध्ये दलित महिलांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटना, कपडे बनवणारी ईस्टमन एक्सपोर्ट्स आणि एच अँड एम हा ब्रँड यांच्यात लैंगिक छळ रोखण्यासाठी बंधनकारक करार झाला. दिंडिगुलच्या कारखान्यांतल्या पोरींना जे मिळवता आले, ते धारूरच्या बाईला का मिळू नये?

आमच्या पाच मागण्या

महाराष्ट्रातील साखर घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने, पुढील हंगाम सुरू होण्याआधी, पुढील गोष्टी लेखी आणि जाहीरपणे मान्य कराव्यात:

१. कोणकोणत्या कारखान्यांची साखर आपल्या मालात वापरली जाते, त्याची यादी प्रसिद्ध करावी.

२. साखर खरेदीच्या करारात तोडणी कामगारांसाठी वेगळी, टनाशी जोडलेली रक्कम धरावी आणि ती नवरा व बायको दोघांच्या स्वतंत्र बँक खात्यात जमा होईल याची खात्री करावी.

३. प्रत्येक टोळीतील प्रत्येक बाईची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद व्हावी. खाड्याचा दंड बंद व्हावा. बाळंतपण, पाळी आणि आजारपण यांसाठी रजा ही कराराची अट असावी.

४. कोपीच्या जागी पाणी, संडास, आडोसा, दिवा आणि मुलांसाठी पाळणाघर यांच्या खर्चात कंपनीने वाटा उचलावा.

५. कामगारांच्या विश्वासातील महिला संघटनांना सोबत घेऊन स्वतंत्र तक्रार यंत्रणा उभारावी, तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि वारंवार नियम मोडणाऱ्याकडून खरेदी थांबावी.

राज्य सरकारचे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. ही कामे जोमाने व्हायलाच हवीत. पण साखरेचा सर्वात मोठा फायदा ज्याला मिळतो, त्याने सरकारच्या योजनेमागे लपू नये.

तुम्ही काय करू शकता

*ग्राहकांनो*, प्रत्येक बाटलीवर आणि पुड्यावर कंपनीचा ग्राहक सेवा पत्ता छापलेला असतो. त्यावर या आठवड्यात एक पत्र किंवा ई-मेल पाठवा. मजकूर मोठा नको, एवढा पुरे: ‘मी आपला ग्राहक आहे. या मालात महाराष्ट्रातील कोणत्या कारखान्यांची साखर आहे? ती तोडणाऱ्या महिलांना किती मजुरी मिळते आणि ती कुणाच्या खात्यात जाते? खाड्याचा दंड बंद केला आहे का? कृपया लेखी उत्तर द्यावे.’ उत्तर आले नाही तर महिन्याने पुन्हा लिहा. आले तर ते स्थानिक वर्तमानपत्राकडे द्या. एका पत्राची दखल घेतली जाणार नाही. हजारो पत्रांची घ्यावी लागते.

*कारखान्यांच्या सभासदांनो*, तुमचा हक्क सगळ्यात मोठा आहे. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शोषणातून सुटका म्हणून. त्या सहकाराचे तुम्ही वारस आहात. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून झाला की उठून विचारा: आपली साखर कोण घेते? खरेदीदाराने तोडणी कामगारांसाठी काय अट घातली आहे? आपल्या कार्यक्षेत्रात किती कोप्यांना संडास आहे? हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, कापला जातो, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच आमची मागणी वाढीव भार शेतकऱ्यावर टाकण्याची नसून तो वरच्या खरेदीदाराकडून घेण्याची आहे. या लढ्यात शेतकरी आणि तोडणारा एकाच बाजूला आहेत.

*कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनो*, पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या, गुरुग्रामच्या कार्यालयांत खरेदी, कायदा आणि सीएसआर विभागांत कितीतरी मराठी मुले-मुली आहेत. त्यांतली काही बीड-परभणीचीच आहेत. पुढच्या शिबिराचा प्रस्ताव तयार करताना त्याच्या शेजारी एक ओळ लिहा: ‘आपल्या साखर खरेदीच्या करारात तोडणी कामगारांचे कलम आहे का?’ ही ओळ लिहायला धैर्य लागते, हे आम्ही जाणतो.

*गुंतवणूकदारांनो आणि परदेशातील मराठी बांधवांनो*, तुमच्या म्युच्युअल फंडात, अमेरिकेतल्या तुमच्या निवृत्तीच्या फंडात या कंपन्यांचे समभाग असण्याची शक्यता मोठी आहे. भागधारक म्हणून प्रश्न विचारता येतो, फंड व्यवस्थापकाला लिहिता येते, सभेत मतदान करता येते. महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात या विषयासाठी एक तास ठेवावा आणि सह्यांचे निवेदन कंपन्यांच्या मुख्यालयांकडे पाठवावे. शीतपेय कंपन्यांना तुमचे पत्र जवळच्या माणसाचे वाटेल, कारण तुम्ही त्यांच्या दारात राहता.

*गणेश मंडळांनो, महोत्सवांच्या आयोजकांनो*, कमानीवर कंपनीची जाहिरात घेण्याआधी तिच्याकडून वरच्या पाच मागण्यांचे लेखी उत्तर मागा.

*पत्रकारांनो, प्राध्यापकांनो*, दर हंगामात या पाच मागण्यांवर एकेका कंपनीची प्रगती तपासा आणि छापा. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना वर्षानुवर्षे फडाफडांवर फिरून बायकांचे म्हणणे नोंदवत आहेत. त्यांना आपल्या पानांवर जागा द्या.

दोन शंका

बहिष्कार टाकायचा का? नाही. खरेदी अचानक थांबली, तर पहिला फटका कोयत्यालाच बसेल. आपल्याला कंपन्या इथून जायला नकोत, त्यांनी जबाबदारी घेऊन इथे राहायला हवे आहे.

यंत्रे येत आहेत, मग हा प्रश्न आपोआप सुटणार नाही का? हार्वेस्टर वाढत आहेत, हे खरे. पण छोट्या, वेड्यावाकड्या रानात अजून बरीच वर्षे कोयताच चालणार आहे. आणि जिथे यंत्र येईल तिथे हात रिकामे झालेल्या कुटुंबांचे काय, याचे उत्तरही याच साखळीकडून मागावे लागेल. आज ज्यांची नावे कुठल्याच नोंदीत नाहीत, त्यांना उद्या नुकसानभरपाई कोण देणार? म्हणून नोंद आधी हवी.

वाचकहो, या प्रश्नावर हळहळ पुष्कळ झाली. हळहळीने कुणाचा खाडा माफ होत नाही. मजुरीचा नवा करार होईल, त्या वेळी खरेदीदार कंपन्यांच्या टेबलावर तुमच्या पत्रांचा गठ्ठा असला पाहिजे, कारखान्यांच्या इतिवृत्तांत तुमचे प्रश्न असले पाहिजेत आणि भागधारकांच्या सभांत बीडचे नाव घेतले गेले पाहिजे. त्यांना दान मागू नका. त्यांनी घेतलेल्या साखरेचा हिशेब मागा. आज पहिले पत्र लिहा, आणखी पाच जणांना लिहायला लावा, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.